एकशेदहा पावलें चिखल आणि कोरड्या जागेची चिठ्ठी

सकळ जळाचा आणि सकळ स्थळाचा धनी एक, तयाचे चरणीं मस्तक ठेवून लिहिणार लिहितो ऐसें जे. पूर्वी थोर थोर राजे मुलखाच्या सीमेसाठीं झुंजले, तयांच्या हकीकती लिहिणारे लिहून गेले. परंतु एकशेदहा पावलें चिखलासाठीं तीन अंमलदारांनीं जी शर्थ केली, ती कोणीं कागदीं लाविली नाहीं. आणि न लावावी, तर हुद्दा आणि अक्कल या दोन जिनसा निरनिराळ्या दुकानीं मिळतात, हें पुढिलांस कळावें कैसें? म्हणोन पदरचें मीठमिरची न घालतां लिहिलें आहे.

कारखान्याचा मालधक्का समुद्रांत लांबवर गेलेला, आणि त्याच्या कुशीस, किनाऱ्याच्या जुन्या दगडी बांधापासून खालीं उताराची चिखलपट्टी, मोजून एकशेदहा पावलें. भरतीस पाण्याखालीं, ओहोटीस उघडी. तेथें दरसाल लांब चोचीचे परदेशी पक्षी येऊन उतरत, आणि आत्याबाई म्हणोन एक वृद्ध बाई टोपली घेऊन शिंपले वेचीत असे. चाळीस वर्षें हाच तिचा सरंजाम. याच शिंपल्यांवर तिनें पोरका भाचा वाढविला, आणि तो भाचा आतां धक्क्यावरील क्रेनीचा चालक, म्हणजे कारखान्याच्या मिठाला जागणारा.

सरकारचा कायदा ऐसा कीं, भरतीचें पाणी जेथवर पोहोंचतें तेथें रेघ मारावी. रेघेच्या खालीं जीवजंतूंचें राज्य, रेघेच्या वर कारखान्यानें खुशाल वखार बांधावी. कायदा नेक होता. मग तो तीन मातबरांच्या हातीं पडला.

पहिले कारखान्याच्या मालधक्क्याचे मॅनेजर, अखंडित-नियमावली-अलंकृत. दिसामाजीं एक तरी नियम काढिल्याविना तयांस अन्न गोड लागत नसे. दुसरे अधिवास संरक्षणाचे अधिकारी. तयांचा जीव पक्ष्यांत नव्हे, पक्ष्यांच्या पाटींत गुंतलेला. हिरवी पाटी, तीवर पक्ष्याचें चित्र आणि खालीं स्वतःचें नांव, चित्राहून थोर अक्षरांत. तिसरे मोजणीदार. बूट ओले होऊं न देणें हें तयांचें व्रत, आणि तें तयांनीं पंचवीस वर्षें समुद्रकिनाऱ्यावर नोकरी करून अभंग राखिलें.

ते मोजणीदार अष्टमीस, कचेरी उघडून, चहा होऊन, दोन प्रहरीं स्वारी करून आले. अष्टमीचें दुपारचें पाणी म्हणजे ओहोटीचें, दूर गेलेलें. मग तयांनीं ओल जेथें सुरू होते तेथें लांबूनच काठी दाखवून फक्कीची पांढरी रेघ मारविली, आणि हीच भरतीची हद्द ऐसें लिहिलें, आणि सारा चिखल कारखान्याच्या पदरीं पडला.

आत्याबाई टोपली खालीं ठेवून म्हणाली, “साहेब, अष्टमीच्या ओहोटीवर रेघ मारलीत. एकदा अमावास्येचं पाणी बघा. ते बांधाला टेकतं.”

मोजणीदार म्हणाले, “मावशी, नकाशात चंद्र दाखवत नाहीत.”

मग मॅनेजर आणि संरक्षण अधिकारी यांची मसलत होऊन तह ठरला कीं, चिखल कारखान्यास वखारीसाठीं द्यावा आणि पाटी पक्ष्यांस द्यावी, आणि पाटीचा सिमेंटचा चौथरा कारखान्यानें बांधून द्यावा. यास उभयतांनीं समतोल ऐसें नांव ठेविलें. पक्ष्यांस वाचतां येत नाहीं, ही गोष्ट तहांत कोणीं घातली नाहीं.

घरीं आत्याबाईनें भाच्यास विचारिलें कीं, तूं साहेबांस सांगशील काय, तों त्यानें मान खालीं घालून सांगितलें कीं, आपण नोकर माणूस, साहेबांपुढें तोंड उघडलें तर उद्यां गेटाबाहेर. ती रागें भरली नाहीं कीं रडली नाहीं, तिनें ताटांत आणिक एक भाकर घातली आणि इतुकेंच बोलली, “कारखाना राहू दे की. तुझी नोकरी मला हवी आणि तो चिखलही हवा. दोन्ही पोरं माझीच. पण पाण्याची जागा पाण्याला द्यायची, एवढंच.”

असो. मूळपदाकडे येऊं. पंचनामा रेघेवरच व्हावा ऐसा मॅनेजरांचा नियम, म्हणोन अमावास्येस सकाळीं नवाच्या सुमारास, भरतीनें पुसलेली फक्की पुन्हा मारवून, रेघेजवळील उंचवट्यावर फळ्यांचा मंच घालून, मेज मांडून, तीन खुर्च्या आणि मध्यें ती पाटी उभी करून तिघे सिद्ध जाहले. कारखान्याचे थोरले साहेब येऊन सही करणार होते. तयांचा फोन आला कीं निघालों. मग आणिक आला कीं निघालोंच. पाणी मात्र फोन न करतां निघालें.

आत्याबाईनें येऊन अर्ज केला कीं, इथें पाणी समोरून येत नाहीं, आधीं पाठीमागच्या ओहळांतून भरतें, तरी वेळींच बांधावर चलावें. तयावर मॅनेजरांचा हुकूम जाहला कीं, बिगरहुद्देदारांनीं मंचाजवळ उभें राहूं नये. ती बरें म्हणोन बांधावर जाऊन बसली. तिघे समोरच्या दर्यावर नजर ठेवून राहिले, समोर पाणी चार हात दूर पाहून परस्परांस शाबासकी देऊं लागले, आणि वळून पाहतात तों पाठीशीं कमरेइतका ओहळ, आणि फक्कीची रेघ विरघळून दुधासारखी वाहती.

मग जो रणसंग्राम मातला तो काय वर्णावा! मॅनेजर खुर्चीवर चढले, आणि अधिकारी मेजावर चढले आणि पाटीस उराशीं धरितां धरितां ती निसटून प्रवाहांत गेली, आणि मोजणीदारांनीं बूट काढून छातीशीं कवटाळिले, आणि पंचनाम्याचे सारे कागद माशांच्या कचेरींत दाखल जाहले. अखेर मॅनेजरांनीं क्रेनीस फोन करून हुकूम दिला कीं, आम्हांस उचल. क्रेनीची लोखंडी परडी खालीं आली, तींत तिघे मुलुखगिरीचे वीर गोण्यांसारखे पडले, आणि परडी वर गेली आणि अधांतरीं थांबली.

“आता उतरव बाबा,” मॅनेजर फोनवर म्हणाले.

वरून भाच्याचा आवाज आला, “साहेब, कोरड्या जागेची चिठ्ठी?”

हें काय म्हणाल, तर मागें एकदां गोण्या ओल्यांत उतरल्या होत्या. तेव्हां मॅनेजरांनीं स्वतःच फर्मान काढिलें कीं, कोरडी जमीन कोठून सुरू होते तें दिवस, वेळ आणि सह्यांनिशीं लिहून घेतल्याविना परडी टेकवूं नये. टेकवील तो नोकरीस मुकेल. त्यापायीं एक चालक घरींही बसविला होता. चिठ्ठ्यांचें पुस्तक आणि पेन्सिल परडीसच सांखळीनें बांधलेलीं असत.

मॅनेजरांनीं नियम तूर्त बाजूस ठेवण्यास फर्माविलें. भाचा म्हणाला, “नियम तुमचाच आहे साहेब. मला घरी आत्याला जेवू घालायचंय.”

वारा सुटला, परडी झोके घेऊं लागली, अधिकाऱ्यांनीं डोळे मिटून तेहतीस कोटींस साकडें घातलें, आणि मोजणीदारांनीं आयुष्यांत पहिल्यानें पाणी जेथें होतें तेथें पाहिलें. तें बांधाच्या दगडास टेकलें होतें. मग तयांनीं सांखळीची पेन्सिल ओढून लिहिलें: अमावास्या, बारा वाजून वीस मिनिटें, बांधापर्यंत सर्व भरतीचें पाणी, कोरडी जमीन बांधाच्या वर. खालीं तिघांनीं सह्या केल्या, मॅनेजरांनीं ती चिठ्ठी फोनवर वाचून दाखविली, आणि परडी बांधावर अलगद टेकली.

तोंच थोरले साहेब गाडींतून उतरले आणि सह्यांचा कागद कोठें म्हणोन पुसूं लागले. तिघे भिजल्या कोंबड्यांसारखे अंग झाडूं लागले. आत्याबाईनें परडींतलें पुस्तक काढून पुढें केलें आणि म्हणाली, “हा घ्या. तिघांच्याही सह्या आहेत.” साहेबांनीं वाचिलें, बांधाखालीं स्वतःच्या बुटाशीं चुबकणारें पाणी पाहिलें, आणि चौथी सही केली. वखार बांधाच्या वर बांधावी ऐसें ठरलें. तेथें जागा मोकळीच होती, पहिल्यापासून.

वर्तमानपत्रीं आलें कीं अधिकाऱ्यांच्या दूरदृष्टीनें समतोल साधला. तिघांचीं छायाचित्रें कोरड्या कपड्यांत होतीं.

भाच्यास मॅनेजरांनीं तीन दिवस घरीं बसविलें, कारण मालाच्या परडींत माणसें उचलूं नयेत हाही नियम तयांचाच. ते तीन दिवस तो विजार गुडघ्यावर दुमडून आत्याबाईपाठीं चिखलांत शिंपले वेचीत होता, आणि ती त्यास म्हणत होती कीं, हात विसरला नाहीं रे तुझा.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली ती नमूद केली असे. जिंकिला मुलूख, एकशेदहा पावलें चिखल. बुडालें, मेज एक, खुर्च्या तीन, अब्रू तिघांची. पाटी दुसरे दिवशीं बांधाशीं पालथी सांपडली. तीवर लांब चोचीचा एक पक्षी उभा राहून पंख वाळवीत होता. पाटी पक्ष्यांस द्यावी हें तहाचें कलम तेवढें तंतोतंत पाळिलें गेलें.