चादरीवर उतरलेली टाकी

एकाकीपण हा काही अपराध नव्हे. तथापि त्याची शिक्षा मनुष्य निमूटपणे भोगीत असतो. निवृत्त क्रेनचालक काका अशांपैकीच एक. सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली, पुढे उघडी गच्ची, आणि खोलीत खुर्ची एकच. दुसरी त्यांनी पत्नीच्या पश्चात देऊन टाकली होती. समोर रिकामी खुर्ची पाहवत नसे.

त्या सकाळी त्यांनी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चादर गच्चीवर वाळत पसरली. थोड्याच वेळात चार ड्रोनांनी तारांना टांगून आणलेली पाण्याची टाकी अलगद, अगदी मधोमध, तिच्यावर ठेवून दिली.

पाठोपाठ ड्रोन चालविणारी मुलगी धापा टाकीत जिना चढून आली. "सॉरी काका! टाकी समोरच्या इमारतीची आहे. तिथं गच्चीवर मी असाच चौकड्यांचा फलक ठेवलाय. या चौघांना तेवढंच शिकवलंय, चौकड्या दिसल्या की ठेवायचं."

"आणि माझी चादर बघून भुलले?"

"थोरला भुलला. बाकीचे तिघं त्याच्या मागं."

"सगळ्या घरांत हेच! बरं, उचल आता."

"बॅटऱ्या उतरल्यात. चार्जिंगला तीन तास."

काकांच्या मुद्रेवर खेद उमटावयास हवा होता. त्यांनी चहाचे आधण ठेवले. मुलीला खुर्ची दिली आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसले.

"दिवसभर या चौघांशीच बोलते मी," ती म्हणाली. "धाकटा तर ऐकतच नाही."

"तुझी निदान चार भावंडं आहेत. मी तीस वर्षं वर क्रेनच्या केबिनमध्ये एकटाच होतो."

तीन तासांनी टाकी उठली आणि डोलू लागली.

"पळवू नकोस! आधी झोका मरू दे!" काका ओरडले. मुलगी थांबली, झोका निवाला, टाकी समोर जाऊन बसली.

"उद्या दुसरी टाकी आहे, काका. चादर तेवढी आत घ्या हं."

काकांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी चादरीची घडी मांडीवर घेऊन ते खोलीत बसून राहिले. टाकी समोरच्या गच्चीवर बिनचूक उतरली. कोणाच्या हातून चूक झाली नाही याचे इतके दुःख त्यांना आयुष्यात झाले नव्हते.

दुपारी गच्चीवर घरघर ऐकू आली. बाहेर येऊन पाहतात तो चार ड्रोन, चार तारा, आणि मध्ये लोंबकळणारी एक खुर्ची!

समोरच्या गच्चीवरून हाक आली, "काका, चादर घाला की! केव्हाचे ताटकळलेत हे चौघं! आणि आधण ठेवा, मी आलेच!"

काकांनी चादर पसरली.

त्या दोन खुर्च्या सदैव भरलेल्या राहोत. आणि थोरल्याची नजर अधूनमधून अशीच चुकत राहो.