डिकीच्या मापाची ज्वारी

"मापात माझी चूक? अगं, आजवर माझ्या दुकानातून एक पँट परत आलेली नाही!" असं म्हणत मास्तरांनी गाडीची किल्ली उचलली.

कपडे शिवायचं दुकान, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको मात्र चारा संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ! ज्वारीच्या कुठल्या गुणामुळे चारा जास्त निघतो, हे शोधण्यापायी तिचा अख्खा हंगाम गेला होता. तिच्या साहेबांचं मत ठाम : उंच तेच उत्तम. ती म्हणे, उंचीच्या नादी काय लागता, पानं आणि फुटवे बघा! तिचं बुटकं, पानांनी गच्च भरलेलं वाण ठेवायचं की टाकायचं, हे आज पेंढ्यांच्या वजनावर ठरणार होतं. आणि नेमका आजच तिचा पाय मुरगळला.

"उंची, पानं, सगळं शेतात मोजून झालंय," ती म्हणाली. "पेंढ्या तेवढ्या घेऊन या, मग दोघं केंद्रावर जाऊ. अहो, पण जपून!"

मास्तरांनी जपूनच आणल्या. दारात गाडी लावून त्यांनी ऐटीत डिकी उघडली.

"बघ! शेंडे बाहेर लोंबत होते, डिकी लागेना. म्हटलं, हे काय गबाळं! घेतली कातर आणि सगळ्या पेंढ्या एका मापात! काठ कसा सरळ आलाय बघ!"

ती मटकन पायरीवर बसली.

"अहो, शेंड्यांची पानं गेली! आता वजन कशाचं करू? दांडक्यांचं?" तिचे डोळे भरून आले.

बायको रडली की त्यांना काही सुचत नसे.

"अगं, टाकले नाहीत! शिंपी कधी तुकडा टाकतो का?" त्यांनी मागच्या सीटवरून पोतं ओढलं. शेंडे होते खरे, पण सगळ्या पेंढ्यांचे एकत्र!

"कुठला कुणाचा, कसं कळणार?"

"तुकडा कुठल्या ताग्याचा, एवढं नाही कळलं तर दुकान बंद करीन!"

दोघं अंगणात बसले. ती पानांची शीर बघे, ते कापाची कड बघत. जोड जुळली की मास्तर पक्क्या दोऱ्याने शेंडा दांड्याला बांधत. कुंपणापलीकडून शेजारीणबाई म्हणाल्या, "काय हो मास्तर, आता ज्वारीचंही अल्टरेशन?" मास्तरांनी पोत्यातून पुढचा शेंडा उचलला.

केंद्रावर तिने साहेबांना सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी एकेक जोड तपासली, बाकीच्या पेंढ्या तोलल्या आणि शेवटी बुटक्या वाणाची पेंढी स्वतः काट्यावर ठेवली. मग उतरवून पुन्हा ठेवली.

"भरली की हो सगळ्यांत जड!" ते म्हणाले. "ठेवा हे वाण."

बायको लंगडत लंगडत काट्याजवळ आली आणि हसली. मास्तरांची छाती फुगली. "शिवण हाताची आहे, साहेब! जन्मभर उसवणार नाही!"

इतक्यात कुट्टीयंत्रावरचा माणूस आला.

"वजन झालं ना? आता हे सगळं बारीक कापून वाळवायचंय. मास्तर, तेवढे दोरे काढून द्या, पात्यात अडकतात."

मास्तर मुकाट्याने उसवायला बसले.