सुभानरावांचा ब्रेक

सुभानराव कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या गाडीत बसून ब्रेक दाबतात, रामराम नंतर. मुखेडात आता कुणाला त्याचं नवल राहिलेलं नाही. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तर हा गृहस्थ मुलाच्या गाडीचा ब्रेक दाबून सरळ बैठकीत आला आणि ऐन पोह्यांच्या वेळी म्हणाला, "पोरगं चांगलं हाय, पण ब्रेक पार तळाला जाऊन राहिला." पाहुण्यांचे चमचे हवेतच थांबले. लग्न मात्र जमलं. जावई अजून त्यांना बघितलं की चावी खिशात घालतो.

"पळवता कुणालाबी येतंय गुरुजी, थांबवून दाखवा," हे त्यांचं पालुपद. मी त्यांचा शेजारी, निवृत्त मास्तर, सायकलवाला. तर माझ्या सायकलचे ब्रेक-रबरही ते दर महिन्याला तपासतात.

पण दिव्याखाली अंधार. त्यांची स्वतःची व्हॅन जुनी, गोल दिव्यांची, आणि तिचा ब्रेक देवाच्या भरवशावर. दरसाल नवराबायको त्यातून माहूरला देवीला जायचे. चढताना गंगाबाई गाडीत बसत. परतताना मात्र घाटाच्या माथ्यावर उतरून चालत निघत, आणि मागून हे पहिल्या गिअरात, हॉर्न न वाजवता. "ब्रेक बदला, मग बसते," त्या म्हणत. "बघू पुढच्या साली," हे म्हणत. वीस वर्षं असंच चाललं. दोन वर्षांपूर्वी गंगाबाई गेल्या.

यंदा यांनी एकदम मनावर घेतलं. लातूरच्या भंगार बाजारातून नंतरच्या मॉडेलचे डिस्क ब्रेक आणले. भोकं जुळेनात, म्हणून लेथवर पट्ट्या करून घेतल्या. दोन महिने अंगणात नुसती ठोकठोक. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. एकदा चिडून मी म्हणालो, "कुणासाठी करताय हे? एकटेच तर फिरता." म्हणालो आणि जीभ चावली.

ते पाना पुसत राहिले. "हाव, एकटाच की."

शेवटचं काम ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं. एकानं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली पडून चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा. हवा आत राहिली तर नवा ब्रेकही लागत नाही. दोन दिवस त्यांनी सीट आणि पायडलमध्ये काठी अडकवून बघितली. जमलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन नुसते उभे राहिले. माझ्या सायकलकडे बघितलंसुद्धा नाही.

"गुरुजी, जरा पाय देता का? हे काम नेहमी ही करायची."

मी जाऊन बसलो. ते गाडीखाली. "दाबा. धरा. सोडा." अशी तीन चाकं झाली. चौथ्याला त्यांचा आवाज बदलला.

"दाब. धर. सोडू नको गं."

मी पाय आणखी घट्ट रोवला. खाली पाना फिरला.

"आता लागतोय बघ," ते हळूच म्हणाले. "आता घाटात चालत उतरायचं काम न्हाई तुला."

पायाला मुंग्या आल्या होत्या, पण ते सोड म्हणेपर्यंत मी पायडल सोडलं नाही.