मारोतरावांनी टाकलेलं इंटरनेट

"अबे सुधाकर, इंटरनेट लोंबून राह्यलं ना बे. बांबू लाव, बांबू."

मारोतराव भोयर ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून ओरडत होते. मी खाली शिडी धरून उभा होतो. आणि नेमकी त्याच वेळी कापसानं गच्च भरलेली, दोन मजली म्हणावी इतकी उंच बैलगाडी पुलगावच्या जिनिंग कारखान्याकडे निघाली होती. मी बांबू आणेपर्यंत गाडीच्या शेंड्याला वायर अडकली. गाडीवान कापसावर आडवा होऊन घोरत होता आणि बैलांना इंटरनेटशी काही देणंघेणं नव्हतं. नाचणगावचं इंटरनेट सगळ्यात पहिल्यांदा गावाबाहेर गेलं ते असं, कापसाच्या गाडीवरून, आणि त्याच्या मागं चपला हातात घेऊन धावणारे मारोतराव. जिनिंगच्या फाटकावर जेवढी सुटली तेवढी वायर सोडवून आणली. उरलेली त्या मोसमातल्या कापसाच्या कुठल्या तरी गाठीत दाबली गेली असावी आणि कोणाच्या तरी सदऱ्यातून आजही हिंडत असावी, असं माझं ठाम मत आहे.

परत आल्यावर मारोतराव घाम पुसत म्हणाले, "चाला, पुलगाव तं जोडल्या गेलं."

ही गोष्ट सन दोन हजारच्या आसपासची. मारोतराव धंद्यानं मंडपवाले. 'भोयर मंडप डेकोरेशन, बिछायत व लायटिंग' ही त्यांची पाटी, आणि पाटीभोवती बाराही महिने पळणारे रंगीत दिवे. खिशात टेस्टर, दातांत सुतळी. त्यांनी मारलेली गाठ सोडवायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे. एका लग्नात भटजींची घाई चालली होती म्हणून नवरानवरीच्या शेल्याची गाठ यांनी मारून दिली. त्या जोडप्याचं आजतागायत भांडण झालेलं नाही. भांडून दूर जाणार कसे?

तर हे एकदा दिव्यांच्या माळा आणायला वर्ध्याला गेले आणि उन्हातून टेकायला म्हणून एका सायबर कॅफेत शिरले. तिथं कोणीतरी त्यांना परदेशातल्या एका खेड्याची वेबसाइट दाखवली. माळा तिथंच विसरून ते तडक माझ्या दुकानात आले. माझं तेव्हा एसटीडीचं दुकान होतं आणि गावातला हमखास चालणारा फोन म्हणजे माझाच.

"सुधाकर, त्या गावात आपल्या एका गल्लीइतके लोकं नाई. पण त्यायनं मंडप साऱ्या जगात टाकला. आपलंच गाव काऊन अंधारात?"

"पण काका, त्याला कॉम्प्युटर लागते, शिकलेली माणसं लागतात."

"आधी मंडप टाकू, मंग पाहू."

हे त्यांचं आयुष्याचं सूत्र होतं. वऱ्हाड येणार की नाही, आचारी मिळाला की नाही, हे प्रश्न त्यांच्या लेखी मंडपानंतरचे. त्या आठवड्यात नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेले कॉम्प्युटर खुर्च्यांच्या टेम्पोतून गावात आले. बोरगाव मेघेला कॉम्प्युटरचे क्लास घेणारे वानखेडे सर वेबसाइट बनवायला आले. आणि माझ्या फोनची वायर मारोतरावांच्या गोदामात गेली. तेव्हापासून इंटरनेट सुरू झालं की गावाचा फोन बंद. कोणाच्या सासऱ्याची तब्येत विचारायची असेल तर आधी मारोतरावांच्या गोदामासमोर उभं राहून, "काका, जरा इंटरनेट उतरवा," अशी विनवणी करावी लागे.

वानखेडे सर शिकवत आणि मारोतराव प्रत्येक शब्द आपल्या धंद्यात ओढून घेत. वेबसाइटचं पहिलं पान म्हणजे 'गेट'. पासवर्ड म्हणजे 'बिल्ला', छातीवर लावल्याशिवाय आत सोडायचं नाही. मुख्य कॉम्प्युटर हा 'भटारखाना'. व्हायरस म्हणजे न बोलावता पंगतीत बसलेला माणूस. पान उघडायला वेळ लागला की ते शांतपणे सांगत, "आधीची पंगत उठली नाई अजून. दम धरा."

आणि वेळ लागायचाच. कारण सरांनी केलेलं साधं, सुटसुटीत गेट मारोतरावांनी नापसंत केलं होतं.

"सर, हे तं तेरवीच्या कार्यक्रमासारखं दिसून राह्यलं. झालर टाका. चारी बाजूनं लायटिंग. अन लायटिंग फिरतं पायजे."

"काका, त्यानं पान जड होते. उघडतच नाही लवकर."

"लग्नाचं गेट हलकं असते काय?"

सरांनी फिरतं लायटिंग टाकलं. त्यानंतर आमची वेबसाइट उघडायला बसावं, तर तेवढ्या वेळात कांदा चिरून, फोडणी देऊन, भाजी शिजून खाली उतरत असे. लायटिंगच्या आतला मजकूरही मारोतरावांचाच. 'आमचे येथे कुलस्वामिनीच्या कृपेने नाचणगाव येथील वेबसाइट करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वेबसाइटची शोभा वाढवावी.' आणि शेवटी, 'आमच्या आबाच्या वेबसाइटला यायचं बरं का! चिंटू, पिंकी, सोनू.'

सरांनी विचारलं, "हे चिंटू, पिंकी कोण? तुमचं तर लग्नच झालेलं नाही."

"समोरचे हायेत," मारोतराव म्हणाले आणि उगाच एक बल्ब घट्ट करू लागले.

समोरचे म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. गल्लीच्या एका बाजूला मारोतरावांचं गोदाम, आणि बरोबर समोर त्यांचे थोरले भाऊ नामदेवराव यांचं माडीचं घर. नामदेवराव तहसील कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले. माणूस टायपरायटरसारखाच, प्रत्येक शब्द ठोकून बोलणार. चिंटू, पिंकी, सोनू ही त्यांची नातवंडं. आणि या दोन भावांमध्ये दहा-बारा वर्षांचा अबोला.

कारण एक रेल्वेगाडी. नामदेवरावांच्या मुलीला बघायला अकोल्याची मंडळी येणार होती. कुठल्या गाडीनं बोलवायचं? मारोतराव म्हणाले, "एक्सप्रेसनं बोलवा दादा, पुलगावले थांबते." नामदेवराव म्हणाले, "नाही थांबत." मारोतरावांनी आईची शपथ घेतली. शपथ घेऊन थांबले नाहीत, तर पुलगाव स्टेशनाबाहेर 'सुस्वागतम्' लिहिलेलं गेट उभं केलं आणि झालर थेट फलाटापर्यंत आणली. गाडी आली, पाहुण्यांनी खिडकीतून हात हलवले, आणि गाडी निघून गेली. झालरीचं एक टोक कुठं अडकलं कोण जाणे, तीही गाडीबरोबर गेली. वर्ध्याला पाहुणे उतरले तेव्हा त्यांच्यामागोमाग झालरही उतरली, असं सांगतात. म्हणजे मीच सांगतो. नामदेवराव मात्र हातात हार घेऊन रिकाम्या फलाटावर उभे होते. पाहुणे वर्ध्याहूनच परत गेले. त्या दिवशी नामदेवराव म्हणाले, "यापुढं तुझ्याशी बोलणार नाही." आणि मारोतरावही म्हणाले, "मीबी."

पोरीचं पुढं चांगल्या घरी लग्न झालं. पण त्या लग्नाला मंडप पुलगावहून आला. गल्लीत भोयरांचं गोदाम भरलेलं, आणि भोयरांच्या दारात परक्याचा मंडप. लग्नाच्या दिवशी सकाळी मी पाहिलं, मारोतराव त्या मंडपाभोवती हिंडत होते. मला वाटलं, काही तोडफोड करतात की काय. ते त्या पुलगाववाल्याच्या ढिल्या गाठी आवळत होते.

त्या गाडीच्या दिवसापर्यंत मारोतराव जेवायला भावाकडेच असत. अबोला झाल्यावर गोदामातच शिजवू लागले. पण गोदामात होती ती सगळी लग्नाची भांडी. त्यांच्याकडचं सगळ्यात लहान पातेलं पन्नास पानांचं. तळाशी मूठभर खिचडी, आणि ती ढवळायला हा माणूस कमरेपर्यंत पातेल्यात वाकलेला. गल्लीतली पोरं हसत. तेही हसत. नामदेवराव खिडकी लावून घेत.

दोघांचं सगळं दळणवळण माझ्यामार्फत. मला मधे उभं करून समोरासमोर बोलत. वायरीचा प्रश्न आला तेव्हाही तेच झालं. गोदामातून निघालेली वायर एका बाजूनं ग्रामपंचायतीत गेली होती. आता ती शाळेत आणि बुद्धविहाराजवळच्या वाचनालयात न्यायची होती. खालून नेली की गाड्या ओढत, झाडावरून नेली की माकडं झोके घेत. मारोतरावांनी गावाचा नकाशा काढला आणि जाहीर केलं, वायर नामदेवरावांच्या माडीवरूनच जाईल, दुसरा रस्ताच नाही. नाहीतर अर्धं गाव कोरडं.

नामदेवराव दारात येऊन उभे राहिले. "सुधाकर, त्याले म्हणा, माह्या माडीवर पाय ठेवाचा नाई."

"सुधाकर, त्यायले सांग, पाय नाई ठेवत, वायर ठेवतो."

"त्याले विचार, त्या वायरीतून काय जाते?"

"सांग त्यायले, सारं जग जाते."

"मंग म्हणा, सारं जग माह्याच डोक्यावरून कायले नेतं? दुसऱ्याच्या डोक्यावरून ने."

दार लागलं. मारोतराव बराच वेळ शिडीवर तसेच बसून राहिले. दातांत सुतळी होती, पण हातात कामच नव्हतं. उद्घाटन चार-सहा दिवसांवर आलेलं. सरपंचांना सांगून झालं होतं. दुसरा कोणी असता तर उद्घाटन पुढं ढकललं असतं. यांनी पत्रिका छापल्या. वेबसाइटला आमंत्रण तर लागणारच.

घरोघरी ते स्वतः अक्षता घेऊन गेले. समोरच्या घरची पत्रिका तेवढी माझ्या हातात दिली. "तू देजो. अन त्यायनं वाचेस्तोवर थांबजो."

नामदेवरावांनी चष्मा लावला. कुलस्वामिनीपासून वाचत आले. चिंटू, पिंकीपाशी भुवया वर गेल्या. मग बोट निमंत्रकांच्या नावांवर आलं. पहिलं नाव होतं, श्री. नामदेवराव भोयर. त्याच्या खाली सरपंच. त्याच्या खाली, सगळ्यात शेवटी, मारोतराव.

"हे नाव कोणं टाकलं?"

"छापखान्याची चूक असेल," मी म्हणालो. मी तोंडावर खोटं बोलायला कधी घाबरत नाही.

त्यांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. मग ठोकून एकेक शब्द बोलले. "त्याले म्हणा, वायर ने. कपड्याच्या दोरीले लागू देऊ नको. अन माह्या घरावरून जाऊन राह्यली, तं माह्या घरात काऊन नाई?"

हा निरोप मी गल्ली ओलांडून सांगितला. मारोतरावांनी गोदामातला सगळ्यात चांगला कॉम्प्युटर पुसला, त्याला मखमली झालर लावली आणि वानखेडे सरांबरोबर समोर पाठवून दिला. स्वतः उंबऱ्याशीही गेले नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी आमच्या गल्लीत जो मंडप लागला तसा नाचणगावात ना आधी लागला ना नंतर. लायटिंग एवढं की पुन्हा उजाडलं समजून कोंबड्यांनी भर दुपारी बांग दिली. वानखेडे सर नकाशा समोर ठेवून शेवटची तपासणी करत होते. ते एकदम थांबले.

"काका, ही वायर अशी वाकडी काऊन नेली? इथून सरळ शाळेवर जात होती. समोरच्या माडीची गरजच नव्हती."

मी नकाशा पाहिला. खरंच, शेंबड्या पोरालाही दिसावं इतकं सरळ होतं.

"सर, तुम्ही गेट पाहा ना," मारोतराव म्हणाले. "लायटिंग फिरते काय ते."

"ते फिरते. आता एक निरोप टाकून पाहा, लाइन चालू आहे की नाही कळेल. सरपंच येण्याआधी."

पडद्यावर जोडलेल्या घरांची नावं होती. ग्रामपंचायत. शाळा. वाचनालय. आणि चौथं नाव, दादा. मारोतराव त्या चौथ्या नावावर आले आणि टायपिंगला बसले. एका बोटानं. एकेक अक्षर शोधायला त्यांना इतका वेळ लागत होता की मागं उभी असलेली मंडळी एकेक करून चहाला गेली. मी आणि सर तेवढे राहिलो. इंग्रजी अक्षरांत, अडखळत, एवढंच उमटलं: 'दादा जेवले काय.'

पाठवायचं बटण दाबून त्यांचं बोट अजून वर उठलंही नव्हतं, तोच उत्तर आलं.

'नाई. ये.'

मारोतरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. सरांना विचारलं, "हे तिकडूनच आलं ना?" सर म्हणाले, हो, तिकडूनच. मग त्यांनी छातीवरचा स्वागताध्यक्षाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. ड्रममधलं पाणी घेऊन हातपाय धुतले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि भर मंडपातून, आलेल्यांना वाट मागत, गल्ली ओलांडली. समोरचं दार उघडंच होतं. ते वाकून आत गेले. गल्लीतला माणूस न् माणूस पाहत होता. सनईवाल्यानंही सनई खाली घेतली.

तेवढ्यात मागच्या बाजूनं सरपंच आले. हातात कात्री, गळ्यात हार, सोबत फोटोग्राफर. एवढी माणसं आणि एवढी शांतता बघून ते बावरले. "काय झालं? मारोतराव कोठी गेले?"

आम्ही गल्लीतले सगळे समोरच्या दाराकडेच बघत होतो. वानखेडे सर बाहेरगावचे, त्यांना या अबोल्याचं काहीच माहीत नव्हतं. वायर गुंडाळत, मान वर न करता त्यांनी सांगितलं, "समोर जेवायला गेले."