दोन बोटांत चोळून पाहिलेली कादंबरी

सुरतच्या कापड बाजारात माल पाहायला डोळे लागत नाहीत, अंगठा लागतो. ताक्याची कड अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा चोळली की सूत, रंग, धुतल्यावर टिकेल की नाही, सगळं उमगतं. ज्याला उमगत नाही त्यानं खुशाल किराणा विकावा. भाईदासशेठ खानदेशातून आले तेव्हा शाळा अर्ध्यात सुटलेली होती, पण अंगठा पक्का होता. त्या अंगठ्यावर त्यांनी सुरतच्याच डिंडोली भागात घर बांधलं, लेक तेजस्विनीला शिकवून शिक्षिका केलं, आणि त्याच अंगठ्यानं तिचं ठरत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आणलं.

झालं असं, की बँकेतला रोहित आईला घेऊन घरी आला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. सगळं अडलं होतं ते आईच्या होकारावर. सुलभाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सोनेरी काड्यांचा चष्मा, मोजकं बोलणं, आणि समोरच्यानं उगाच ताठ बसावं अशी नजर. पोहे खाता खाता त्या एवढंच म्हणाल्या, की लेकीचा मुलगा केदार त्यांच्याकडेच राहतो, दिवसभर गुजराती बोलतो आणि मराठी पुस्तक पुढे केलं की त्याचं पोट दुखतं.

शहाणा माणूस इथे ‘हल्लीची मुलं, काय सांगावं’ म्हणून पुढचा घास घेता. पण गिऱ्हाइकानं अडचण सांगावी आणि दुकानदारानं गप्प बसावं, हे आमच्या बाजारात आजवर घडलेलं नाही. टीपॉयवर तेजस्विनी वाचत असलेलं ‘चंद्रामागची शाळा’ हे पुस्तक पडलं होतं. मुलांसाठीची कादंबरी, थोडं विज्ञान, थोडी जादू, बाकी धाडस. भाईदासांनी ती उचलली, पान चोळून पाहिलं (कागद उत्तम होता, खोटं कशाला बोला) आणि सुरुवातीवरून नजर फिरवली. एक मुलगी, एक मोडकं यान आणि चंद्राच्या पलीकडून ऐकू येणारी शाळेची घंटा. शितावरून भाताची परीक्षा झाली.

“ताई, हे न्या,” ते म्हणाले. “मी स्वतः वाचलंय. हातातून सुटत नाही. यान आहे, जादू आहे, वरून संस्कार आहेत. केदारला द्याच, पण तुम्हीही बसून वाचा. तुमच्याच क्षेत्रातलं आहे.”

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं, जसं मीटरावर चार बोटं कापड जास्त देत तसं.

पाहुणे गेले आणि तेजस्विनी टीपॉयखाली वाकून पुस्तक शोधू लागली. भाईदासांनी अभिमानानं सांगितलं, की ते योग्य हातात पडलंय. लेक टीपॉयखालून वर आली.

“बाबा, त्या पुस्तकातल्या शाळेची मुख्याध्यापिका कशी आहे, माहितीय का तुम्हाला?”

माहीत नव्हतं. मग कळलं. ती मुलांचं हसू बरण्यांत भरून ठेवते आणि त्याच्यावर आपलं यान चालवते. चष्मा सोनेरी. एवढ्यावर भागतं तरी चाललं असतं. पण तिला एकुलता एक मुलगा आहे, आणि रोज सकाळी ती त्याच्या पाठीत किल्ली फिरवते, तेव्हा कुठे तो ‘हो आई’ म्हणत चालू लागतो.

रोहितही आईचा एकुलता एक मुलगा.

तेजस्विनीची आई रंजनाबाई बशा उचलता उचलता थांबल्या. एरवी त्या चारचौघांसारखं बोलत, पण नवऱ्यावर संताप आला की थेट अहिराणीवर उतरत. “आते काय करशात?” त्यांनी विचारलं. भाईदास पायातली चप्पल शोधत होते.

पण आत्ताच मागे धावलं तर संशय येईल, असं तेजस्विनीचं मत पडलं. मधे रविवार आला. सोमवारी सुरती घारी या मिठाईचा डबा घेऊन भाईदास सुलभाताईंच्या दारात उभे राहिले. रस्ताभर त्यांनी बेत पक्का केला होता. बाजारात खोटा माल गेला की परत घ्यायचा आणि दुसरा द्यायचा, त्यात लाज कसली? त्यांनी सांगितलं, की त्या पुस्तकाच्या छपाईत दोष निघालाय, पानं मागेपुढे लागलीत, प्रकाशकानं सगळा लॉट परत मागवलाय.

“पानं तर जागच्या जागी आहेत,” सुलभाताई म्हणाल्या. “माझं वाचून झालंय.”

भाईदासांच्या हातातला डबा जड झाला.

“केदारनं सोडलंच नाही हो. मीच वाचून दाखवत होते, तर माझ्या हातातून ओढून घेतलं. आणि काय हो भाऊ, त्या मुख्याध्यापिकेला उगाच वाईट ठरवलंय. शाळा किती शिस्तीत चालते तिची. बरण्यांना लेबलंसुद्धा आहेत.”

“आहेत ना,” भाईदास म्हणाले आणि त्यांनी डबा पुढे केला.

“किल्लीचं पान आलं तेव्हा रोहित इतका हसला, की त्याला ठसका लागला. म्हणाला, आई, आता ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात दे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दिली. संध्याकाळी तुम्हाला फोन करणारच होते. मुलगी आमची झाली.”

भाईदास सोफ्यावर बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि तोंडावर मात्र दिवाळीतल्या गल्ल्यावरचं हसू होतं. तेवढ्यात आतून केदार आला. त्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाला, “आजोबा, तुम्ही पण आहात त्या पुस्तकात.”

“मी? कोण रे?”

“तुम्ही वाचलंय ना?”

‘हो, हो, आलं लक्षात’ म्हणत भाईदासांनी पोराच्या पाठीवर थाप मारली आणि पुस्तक मागून घेऊन घर गाठलं.

लग्न ठरल्याची बातमी देऊन झाली, पेढा वाटून झाला, आणि भाईदास खुर्ची ओढून आयुष्यातली पहिली कादंबरी वाचायला बसले. सुरुवातीला त्यांना वाटलं, आपण यानाचा कप्तान असणार. कप्तान निघाला विशीतला. मग त्यांनी म्हाताऱ्या शास्त्रज्ञावर आशा ठेवली, पण तो भलताच मितभाषी होता. स्वयंपाक्यापर्यंत खाली उतरायचीही त्यांनी तयारी केली. शेवटी शाळेच्या फाटकावर एक पितळी पोपट भेटला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो आकाशातल्या एकेका ताऱ्याची शिफारस अशा थाटात करी, की जणू कालच तिथून जाऊन आलाय. त्याचं ऐकून मुलं हमखास चुकीच्या ताऱ्यावर जाऊन पोहोचत. त्याचे स्वतःचे पाय मात्र दांडीला खिळ्यानं ठोकलेले होते.

भाईदासांनी पान दुमडलं. रंजनाबाईंनी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, ते पान उभ्या उभ्या वाचलं आणि पुस्तक मिटून परत दिलं.

“लेखक आपल्या दुकानात कधी येऊन गेला हो?” त्यांनी विचारलं.