वेशीवरच्या नाकांबाबत

आंबरवाडीच्या वेशीवर चुन्यात घडवलेले अकरा वाजंत्री आहेत. सनईवाले चार, संबळवाले तीन, झांजवाले दोन, तुतारीवाला एक. अकरावा नुसताच उभा आहे. त्याच्या हातात काय होतं याबद्दल गावात दोन मतं आहेत. तासगावची एसटी या वेशीपाशी थांबते. पाच वर्षांपूर्वी अकरा जणांमध्ये मिळून अकरा नाकं होती. गेल्या मार्चअखेर सात उरली. यंदाच्या मार्चअखेर तीन.

आकडे क्रांतीचे आहेत. एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेल्या माणसाची ही मुलगी. सांगलीत रसायनशास्त्र शिकायला लागल्यापासून दर वर्षी एकतीस मार्चला, सकाळी आठ वाजता, एकाच दगडावर उभी राहून ती वेशीचा फोटो काढते. दगड बदलला तर निरीक्षण बिघडतं, असं तिचं म्हणणं. एकदा त्या दगडावर नानासोंची म्हैस बसली होती, तर ती उठेपर्यंत क्रांती दोन तास थांबली आणि वहीत तशी नोंद केली.

यंदा एम.एस्सी. पुरी करून ती गावी आली आणि ग्रामसभेत विषय मांडला. सोबत व्हिनेगरची बाटली, ड्रॉपर आणि दोन कागदी पुड्या होत्या.

"ही पूड वेशीच्या आतल्या बाजूची, जिथं हवा लागत नाही तिथली," ती म्हणाली आणि एक थेंब टाकला. पूड फसफसली. "हा चुना. आणि ही सनईवाल्याच्या गळून पडलेल्या नाकाची." थेंब टाकला. काहीच झालं नाही.

"खराब निघाली म्हणायची," मागून कुणीतरी म्हणालं.

"हा चुना उरलाच नाही. बेदाणा पिवळा दिसावा म्हणून शेडमध्ये गंधक पेटवतात. त्याचा वायू आणि हवेतला ओलावा मिळून चुन्याचा जिप्सम होतो. जिप्सम ठिसूळ. आज ना उद्या गळणार."

सभेत शांतता पसरली. गावात बेदाण्याच्या चाळीस शेड आहेत. वेशीला सर्वांत जवळच्या चार नानासोंच्या. शांतता मोडायचा मान त्यामुळे त्यांचाच होता.

"माझी वरात ह्या वेशीतनं गेलीया," नानासो भरल्या आवाजात म्हणाले. "तवा समद्यास्नी नाकं हुती. गावची वेस वाचली पायजे. गावची हवा वाचली पायजे. आजच समिती करा."

ठराव एकमताने झाला. आंबरवाडी हवा व वारसा संरक्षण समितीत अकरा सदस्य घेण्यात आले. प्रत्येक वाजंत्र्याला एक, अशी त्यामागची भावना होती. अकराही जण शेडवाले निघाले, ते विषयाचा दांडगा अनुभव असल्यामुळे. नानासो अध्यक्ष. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार सयाजी सचिव. क्रांतीला विशेष निमंत्रित करण्यात आलं, म्हणजे बैठकीत बोलण्याचा पूर्ण अधिकार आणि इतिवृत्तात येण्याचा अजिबात नाही.

पहिल्या बैठकीचा विषय क्रमांक एक होता, धुराची व्याख्या करणे.

"देखो बेटा," सुभेदार क्रांतीला म्हणाले, "फौजेत आधी दुश्मन दिसावा लागतो. मग गोळी. तुजा वायू दिसतो का?"

"नाही. रंगहीन असतो."

"मग त्याचा फोटो कसा काढायचा? फोटो न्हाई तर पुरावा न्हाई." सुभेदारांनी लिहून घेतलं: जो फोटोत येतो तो धूर.

व्याख्या ठरताच समिती मोबाइल घेऊन पाहणीला निघाली. नानासोंच्या पहिल्या शेडवर गंधक नुकतंच पेटवलेलं होतं. सदस्य खोकत होते, डोळे पुसत होते. फोटो मात्र सुरेख आला: हिरवी जाळी, निळं आकाश, कोपऱ्यात एक बगळा. पुढच्या तीन शेडचे फोटो याहून सुंदर आले. त्यातला एक सुभेदारांनी घरच्या ग्रुपवर टाकला.

मग समिती वेशीपाशी आली. तिथं मुक्ताबाईंची चूल होती.

मुक्ताबाई एकोणीस वर्षं वेशीच्या अंगाला पत्र्याखाली चहा आणि कांदाभजी करत होत्या. नवरा गेल्यावर लावलेली ही चूल. तिच्यावर त्यांचं एकटीचं घर चालायचं. शेडवर राबणाऱ्या बायका, एसटीचे चालक आणि समितीचे अकरा सदस्य त्यांचं गिऱ्हाईक. त्या वेळी चुलीत बाभळीचं ओलं लाकूड होतं. धूर पांढरा, दाट, फोटोत ठळक येणारा.

"मिळाला," सुभेदार म्हणाले.

"कोण मिळाला?" मुक्ताबाईंनी फुंकणी खाली ठेवली.

"मुक्ताबाई, तुमच्या चुलीनं वेशीची नाकं गळत्यात," नानासो हळुवारपणे म्हणाले.

"आवं नानासो, एकोणीस वर्सं माजं नाक ह्या चुलीवर हाय. ते न्हाई गळलं."

"तुमचं चुन्याचं न्हाई."

क्रांतीने सांगितलं की चुलीच्या धुराने भिंत काळी होईल, चुना गळणार नाही. वेशीवरचे वाजंत्री काळे नाहीत, पांढरे पडून भुरभुरतात. सर्वांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. मग अकरा चहा झाले आणि ठराव लिहिण्यात आला: वेशीलगतची चूल ताबडतोब बंद करण्यात यावी.

'ताबडतोब'वर थोडी चर्चा झाली. हंगाम ऐन भरात होता. पहाटे पाचपासून शेडवर माणसं. त्यांना चहा कोण देणार? विचारांती 'ताबडतोब' याचा अर्थ एक मे असा घेण्यात आला. तीस एप्रिलला शेवटचा बेदाणा उतरणार होता.

मधल्या काळात तरुण मंडळाने हवा मोजणारं यंत्र मागवलं. क्रांतीने हट्टाने सल्फर डायऑक्साइड मोजणारंच मागवायला लावलं. नाव लांब असल्यामुळे समितीला ते भारदस्त वाटलं. यंत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. क्रांती म्हणाली, आजच बसवू.

"उद्घाटन कोण करणार?" नानासोंनी विचारलं. "असं उघडून बसवायला ती काय पाण्याची मोटर हाय?"

उद्घाटनाला योग्य दिवस महाराष्ट्र दिनाचा ठरला.

एक मेला सकाळी साडेआठला मुक्ताबाईंच्या चुलीवर पाणी ओतण्यात आलं आणि नऊला यंत्र सुरू झालं. पडद्यावर हिरवा आकडा उमटला. दुपारी हिरवा. संध्याकाळी हिरवा. पंधरा दिवस हिरवा. वेशीपाशी उभं राहून लोक छाती भरून श्वास घेऊ लागले.

"काय म्हंतीस आता?" नानासोंनी क्रांतीला विचारलं. "चूल बंद, हवा साफ."

"काका, तीस एप्रिलला शेडपण बंद झाल्या."

"त्यो योगायोग."

"मग चूल पुन्हा पेटवून बघू. शेड बंदच आहेत. आकडा वाढला तर दोष चुलीचा, नाही वाढला तर चुलीचा नाही."

म्हणणं इतकं सरळ होतं की समितीला त्यावर दोन बैठका घ्याव्या लागल्या. शेवटी जूनच्या पहिल्या सोमवारी, दहा ते अकरा या वेळेत, सचिवांच्या देखरेखीखाली चूल प्रायोगिक तत्त्वावर पेटवायची परवानगी मिळाली. मुक्ताबाई नवं लुगडं नेसून आल्या. ओल्या बाभळीचा धूर थेट यंत्रावर गेला. मागचा संबळवाला दिसेनासा झाला. सुभेदारांनी रुमाल तोंडाला लावून आकडा वाचला. हिरवा.

"आता लावू का रोज?" मुक्ताबाईंनी विचारलं. "पातेलं घासून ठिवलंय."

सुभेदारांनी रुमालाची घडी घातली. "पहाऱ्यावर साहेब उभा असला की सगळेच जवान शिस्तीत असतात," ते म्हणाले. "ही तपासणीची चूल हाय. ही चूल साळसूदपणानं जळाली. रोजची अशी जळंल कशावरनं?"

इतिवृत्तात नोंद झाली: चुलीच्या वर्तनात सुधारणा आढळली. ही सुधारणा बंदीमुळेच झाली असल्याने बंदी चालू ठेवावी.

जुलैत जिल्ह्याच्या 'माझी वेस, माझा श्वास' स्पर्धेच्या परीक्षक राजनंदिनी मॅडम आल्या. पावसाने हवा आणखी धुतली होती. मॅडमनी फाइल पाहिली: चुलीचा फोटो, चुलीनंतरचा आकडा. इतका स्वच्छ पुरावा जिल्ह्यात कुठेच मिळाला नव्हता. लोकसहभागातून एका हंगामात शून्य प्रदूषण. क्रांतीने तिची पाच वर्षांची वही पुढे केली. मॅडमनी ती उघडून अक्षराचं कौतुक केलं.

पहिलं बक्षीस आंबरवाडीला मिळालं. समारंभात मुक्ताबाईंचा चूलत्यागाबद्दल शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. निवेदकाने चुकून माईक त्यांच्या हातात दिला.

"म्या चूल सोडली न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांनी इजवली. मला परत पेटवायची हाय."

सभामंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. असा साधेपणा हल्ली दिसत नाही, असं मॅडम म्हणाल्या. प्रमुख पाहुण्यांना समितीतर्फे अर्धा-अर्धा किलो पिवळा बेदाणा देण्यात आला.

बक्षिसाला अट होती: पुढची पाच वर्षं वेस चूलमुक्त ठेवायची. मुक्ताबाई नानासोंच्या दारात तीनदा जाऊन आल्या. तिसऱ्यांदा नानासोंचं मन द्रवलं. वेस बघायला आता सांगली-साताऱ्याहून रविवारी मोटारी येऊ लागल्या होत्या.

"चूल न्हाई मिळायची," ते म्हणाले. "पर त्याच जागंवर बेदाणा इका. त्याला धूर न्हाई."

क्रांतीला यात संधी दिसली. पुढच्या फेब्रुवारीत तिने ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून शेडचा एक कप्पा मागून घेतला आणि गंधक न लावता बेदाणा वाळवला. तो तपकिरी झाला. चव तीच, किंबहुना थोडी जास्त. मुक्ताबाईंच्या पत्र्याखाली दोन ढीग लागले, एक पिवळा आणि एक तपकिरी. मध्ये क्रांतीने पाटी ठोकली. कुठल्या रंगासाठी काय जाळतात आणि त्याने वाजंत्र्यांचं काय होतं, हे तिने सोप्या मराठीत, दोन आकृत्या काढून लिहिलं. शेजारी एक रजिस्टर: वेस वाचवा, सही करा.

प्रतिसाद उत्तम होता. लोक पाटी शेवटपर्यंत वाचत. वर मान करून बिननाकाचे चेहरे बघत आणि हळहळत. काही जण पाटीचा फोटो काढत, काही जण मुलांना मोठ्याने वाचून दाखवत. कुणीतरी यांच्यावर केस केली पाहिजे, असं बहुतेकांचं मत पडे. सही करताना पुण्याच्या एका गृहस्थांनी रकान्यात मावेना म्हणून मागच्या पानावर चिंता व्यक्त केली. मग सगळे ढिगांकडे वळत.

"हे असे काळपट का?"

"त्याला गंधक न्हाई, सायेब. पाटीवर लिवलंय."

"हो हो, वाचलं ना. फार छान काम करताय तुम्ही. पिवळे द्या. पाहुण्यांसमोर ठेवायचेत."

मार्च संपेपर्यंत रजिस्टरमध्ये चारशे सह्या झाल्या. तपकिरी बेदाणा पाच किलो खपला. त्यातला तीन किलो क्रांतीनेच नेला होता. एका संध्याकाळी ती आली तर तपकिरी ढीग जागेवर नव्हता. मुक्ताबाईंनी तो पोत्यात भरून मागे सरकवला होता आणि नानासोंच्या शेडमधला पिवळा दुप्पट मांडला होता.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"बाई, तपकिरी मी रोज मूठभर खाती. लय ग्वाड हाय." मुक्ताबाईंनी तराजू पुसला. "पर घर पिवळ्यावर चाललंय. तुजी चारशे मानसं सही करून जात्यात, आन् घ्यायचं ते घेऊन जात्यात. तू मला माजी चूल दे, मी ह्यो धंदा आत्ता सोडती."

क्रांतीकडे चूल नव्हती. तिने वहीत तारीख टाकली आणि ढिगाच्या वाढलेल्या उंचीची नोंद केली.

त्या एप्रिलमध्ये शेवटचं नाक तुतारीवाल्याचं उरलं होतं. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ते पडलं. आवाज झाला नाही. थोडी पांढरी पूड मुक्ताबाईंच्या पत्र्यावर भुरभुरली. खाली नेमके एक पाहुणे उभे होते. सुशिक्षित, वाचनाची आवड असलेले, तुमच्यासारखेच. त्यांनी ते डोळ्यांदेखत पडताना पाहिलं होतं आणि ते खरोखर अस्वस्थ झाले होते.

"दीडशे-दोनशे वर्षं टिकलेली गोष्ट," ते म्हणाले. "कोण करतं हो हे सगळं?"

मुक्ताबाईंनी पत्र्याच्या फटीतून खांद्यावर आलेली पूड झटकली, पिशवीचं तोंड उघडलं आणि मापटं पिवळ्या ढिगात घातलं.

"अर्धा किलो देऊ, का किलो?"