एक्स-रे विभागातला मधुचंद्र

फोटोखाली ओळी लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून टाकते! "सहलीतील एक क्षण" असलं पुचाट काही मी लिहीत नाही. माझ्या फोटोंखाली छत्री रुसते, रिकामी खुर्ची टोमणे मारते, बाळाचा हरवलेला मोजा आत्मचरित्र सांगतो.

म्हणून सासूबाईंच्या निवृत्तीला चिकटवही भेट द्यायचं ठरलं, तेव्हा मी हवेतच तरंगत होते. सासूबाई एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात. "हलू नका, श्वास धरा" हे त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय, की आता त्यांनी नुसतं पाहिलं तरी आम्ही घरचे श्वास धरतो.

खरं सांगू? वहीमागे माझा स्वार्थ होता. सोमवारपासून मला पुन्हा कामावर जायचं होतं, आणि दोन वर्षांच्या चिमणीला सांभाळणार कोण, हे ठरलेलं नव्हतं. सासूबाईंना विचारायचा धीर होईना. एकतीस वर्षं राबलेल्या बाईला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला कसं जुंपायचं? त्यापेक्षा शेवटच्या पानावर आजी-नातीचा फोटो लावायचा आणि खाली लिहायचं: "नवीन नेमणूक. कायमस्वरूपी. पगार: दिवसाला वीस पापे." त्या विरघळतील, आणि विचारायची वेळच येणार नाही!

चिमणी दुपारी चाळीस मिनिटं झोपते. तीन आठवडे ती चाळीस मिनिटं मी वहीला दिली. एका हाताने थोपटायचं, दुसऱ्या हाताने कापायचं. एकदा गोंदाचा थेंब तिच्या गालावर पडला आणि एक चिठ्ठी तिथेच चिकटली. "हे पान जपून ठेवणे." तशीच राहू दिली ती, चिमणी उठेपर्यंत. एवढी योग्य जागा मला वहीत सापडली नसती.

कपाटात एक पाकीट मिळालं. त्यात तरुण सासूबाई आणि त्यांच्या शेजारी दाट कुरळ्या केसांचा एक ऐटबाज माणूस! कारंज्यापाशी दोघं, होडीत दोघं, टेकडीवर दोघं. मध्ये एक तिसरे गृहस्थही होते, पण प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. त्यांना मी कात्रीने नीट बाजूला केलं आणि उरलेल्या दोघांना जवळजवळ चिकटवलं. सासऱ्यांना आज टक्कल आहे, म्हणजे एके काळी केस असणारच, हा माझा हिशोब. तरी खात्री करावी म्हणून नवऱ्याला होडीचा फोटो दाखवला. तो दात घासत होता. बाबाच असतील, असं तो फेसातून म्हणाला.

झालं! मी एक्स-रेच्या रिपोर्टच्या भाषेत ओळी लिहिल्या. कारंज्याखाली: "निष्कर्ष: दोन्ही हृदयं आपापली जागा सोडून एकमेकांकडे सरकलेली." होडीखाली: "हलू नका, श्वास धरा, हात मात्र सोडू नका." आणि टेकडीखाली थाटात: "मधुचंद्र. यावर उपचार नाही."

निरोपाचा कार्यक्रम विभागातच होता. मी वही दिली. सासूबाईंचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून खणखणीत आवाजाचे सासरे पुढे सरसावले. ते आधी ओळ वाचायचे, मग फोटोकडे न बघताच वही फिरवून सगळ्यांसमोर धरायचे.

कारंज्याची ओळ झाली. मी टाळीसाठी कान टवकारले, पण टाळी आलीच नाही. लोक फोटोकडे बघत होते आणि मग पहिल्या रांगेकडे. मीही पाहिलं. तिथे विभागाचे मोठे डॉक्टर बसले होते. तेच दाट कुरळे केस, फक्त पांढरे झालेले! शेजारी त्यांच्या बायको.

चिमणीला कडेवर घेऊन मी सासऱ्यांना थांबा, थांबा अशा खुणा केल्या. त्यांना वाटलं, सून कौतुकाने लाजतेय. त्यांनी होडी आणखी मोठ्याने वाचली. मी नवऱ्याकडे पाहून हात हलवले, तर त्याने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं!

"मधुचंद्र," सासरे गरजले, "यावर उपचार नाही."

डॉक्टरांच्या बायकोने सावकाश मान वळवली. "तुम्ही तर विभागाची सहल म्हणाला होतात."

तेवढ्यात मागून नोंदणीचे वयस्कर कारकून उठले, वहीजवळ आले आणि डोळे बारीक करून बघू लागले. "सहलच होती, वहिनी. मी मध्ये बसलो होतो. हा बघा, हा कोपर माझा आहे."

आता सासऱ्यांनी वही स्वतःकडे फिरवली. मला वाटलं, सोमवार गेला, नोकरी गेली, बहुतेक घरही गेलं.

"हे फोटो तर मी काढलेत," ते म्हणाले. "मीच ओरडत होतो, जवळ सरका म्हणून."

खोली हसून हसून कोसळायची बाकी राहिली. डॉक्टरांच्या बायको तर डोळे पुसत होत्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वही घेतली आणि एकेक पान उलटलं. बावीस पानं. सासऱ्यांचा एकही फोटो नव्हता. कसा असणार, कॅमेरा कायम त्यांच्याच हातात! सासूबाईंनी सासऱ्यांच्या दंडावर हळूच हात ठेवला. माझा जीव तिथे चटकन हलला. तीन आठवड्यांत एवढी एक गोष्ट मला दिसली नव्हती.

मग शेवटचं पान आलं. वही लांब धरून त्यांनी ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी श्वास धरला.

"सोमवारपासून चिमणी माझ्याकडे."

मला रडूच फुटलं. आई, ओळ आवडली ना, असं मी विचारलं.

"ओळीचं काय घेऊन बसलीस! तू घरात राहिलीस तर माझ्या लग्नाच्या फोटोंना हात लावशील. त्यापेक्षा कामावर जा."

मी मुकाट्याने मान डोलावली. लग्नाचं पाकीट दुसऱ्या वहीसाठी मी कालच माझ्या कपाटात आणून ठेवलंय, हे सांगायची ती वेळ नव्हती.